हरला तो घरी: एसीसी बास्केटबॉल स्पर्धेची गोष्ट

कॅरीकर (धागाकर्ता)

ऑगस्ट १९९३ मध्ये मी रॅलेला नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये (पुढे नुसतं 'स्टेट') टेक्सटाइलमध्ये एमएस करायला आलो. बास्केटबॉल मला शाळेतल्या पीटीच्या तासापुरता माहीत होता. पुढच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये गेलो तर सगळी यंत्रं बंद आणि कोपऱ्यातल्या टेबलावर छोटा टीव्ही लावलेला. आमचे लॅब टेक्निशियन म्हणाले, "आज एसीसी टूर्नामेंट आहे." एवढंच. बाकी काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांच्या मुलांच्या शाळेत या दिवशी बाई स्वतः टीव्हीची ट्रॉली ढकलत वर्गात आणायच्या, हे मला नंतर कळलं. अख्ख्या नॉर्थ कॅरोलिनात तशी रीतच होती.

तेव्हापासून तीस वर्षं ही स्पर्धा बघतोय आणि तिचा इतिहास मिळेल तिथून वाचतोय. मराठीत कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेत कॉलेजांचे संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेले असतात. हिवाळाभर आपसात लीगचे सामने होतात आणि मार्चमध्ये कॉन्फरन्सची स्वतःची बाद पद्धतीची स्पर्धा. तिथं जो जिंकतो त्याला राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएएमध्ये, थेट प्रवेश. आज राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात, त्यामुळे कॉन्फरन्सची स्पर्धा हरलेले बरेच चांगले संघही आत जातात. पण १९७४ पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच संघ घेत. बहुतेक कॉन्फरन्स आपला लीग-विजेता पाठवत. एसीसीने, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, ठरवलं की तीन दिवसांची स्पर्धा जिंकेल तोच जाईल. लीगमध्ये तुम्ही एकही सामना हरला नसाल, तरी मार्चमधल्या एका संध्याकाळी हात थंड पडले की वर्ष संपलं. या स्पर्धेचं सगळं वेड या एका नियमातून आलं, असं माझं ठाम मत आहे.

१९५३ पर्यंत एसीसीतली कॉलेजं सदर्न कॉन्फरन्समध्ये होती. तिथं सतरा सभासद झाले होते आणि वर्षअखेरच्या स्पर्धेत जागा फक्त आठांना. फुटबॉलवरूनही वाद होतेच. मे १९५३ मध्ये ग्रीन्सबरोजवळच्या सेजफील्ड इनमध्ये सात कॉलेजांनी वेगळी चूल मांडली: ड्यूक, नॉर्थ कॅरोलिना, नॉर्थ कॅरोलिना स्टेट, वेक फॉरेस्ट, मेरीलँड, क्लेम्सन आणि साउथ कॅरोलिना. व्हर्जिनिया त्याच वर्षाच्या शेवटी आली. भांडण फुटबॉलचं होतं, पण नाव झालं बास्केटबॉलचं, आणि त्याचं श्रेय बरंचसं एका माणसाला जातं.

एव्हरेट केस. इंडियाना राज्यातला हायस्कूलचा कोच, तिथं चार वेळा राज्य विजेता. १९४६ मध्ये तो स्टेटला आला तेव्हा इथं फुटबॉलपुढे बास्केटबॉलला कुणी विचारत नव्हतं. कॅम्पसवर रेनॉल्ड्स कोलिझियमचा लोखंडी सांगाडा युद्धामुळे अर्धवट उभा होता. केसने तो दोन्ही टोकांनी वाढवून घेतला आणि १९४९ मध्ये १२,४०० आसनांची इमारत उघडली. म्हणून ती अशी लांबट आहे. बाजूला बसलात तर खेळ अंगावर येतो, टोकाला बसलात तर खेळाडू मुंगीएवढे. स्पर्धा जिंकल्यावर रिंगची जाळी कापून घरी न्यायची प्रथाही कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यानेच रुजवली. इंडियानातली रीत त्याने १९४७ मध्ये इथं आणली.

पहिली एसीसी स्पर्धा मार्च १९५४ मध्ये याच रेनॉल्ड्समध्ये झाली. अंतिम सामन्यात स्टेटने वेक फॉरेस्टला ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेत) ८२-८० असं हरवलं. हा स्कोअर लक्षात ठेवा. पुढे १९६६ पर्यंत दरवर्षी स्पर्धा इथंच. बाकीच्यांना ते खटकायचं, आणि खटकणं बरोबरच होतं, कारण स्टेटला घरच्या मैदानावर खेळायला मिळे.

१९५७ मध्ये चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिनाने (पुढे 'चॅपल हिल' म्हणजे हाच संघ) एकही सामना न हरता स्पर्धेत पाऊल टाकलं. उपांत्य सामन्यात वेक फॉरेस्टने त्यांना जवळजवळ घरी पाठवलं होतं. शेवटी लेनी रोझेनब्लूथने बास्केट टाकली, वर फाउलचा फ्री थ्रोही, आणि ६१-५९ ने ते वाचले. तो चेंडू रिंगवरून उडाला असता तर राष्ट्रीय स्पर्धाच नाही. मग कॅन्ससच्या विल्ट चेंबरलेनविरुद्धचा तीन ओव्हरटाइमचा ५४-५३ असा अंतिम सामनाही नाही, आणि ३२-० हा आकडाही नाही. सी. डी. चेस्ली या माणसाने ते शेवटचे सामने नॉर्थ कॅरोलिनात टीव्हीवर दाखवले आणि घराघरात बास्केटबॉल शिरला. शाळेतल्या त्या ट्रॉलीची मुळं इथं आहेत.

आता १९६५. याबद्दल लिहिताना दरवेळी गळा दाटतो. केसला कॅन्सर झाला होता. हंगामाचे दोन सामने झाल्यावर त्याने कोचिंग सोडलं आणि जागा त्याचा सहायक प्रेस मॅराविच याने घेतली. मार्चमध्ये रेनॉल्ड्सच्या कडेला बसून केस स्पर्धा बघत होता. अंतिम सामना ड्यूकशी. त्यांचा कोच विक बूबस हा केसचाच जुना खेळाडू आणि नंतरचा सहायक. त्या दिवशी स्टेटच्या राखीव बाकावरून आलेल्या लॅरी वर्सलीने ३० गुण केले आणि स्टेट ९१-८५ ने जिंकली. खेळाडूंनी केसला खांद्यावर उचललं आणि जाळीचे शेवटचे धागे त्याच्या हातून कापून घेतले. एप्रिल १९६६ मध्ये तो गेला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आजही त्याच्या नावाचा आहे.

आणि आता १९७४, ज्यासाठी खरं तर धागा काढलाय. ९ मार्च, ग्रीन्सबरो कोलिझियम. स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर, मेरीलँड चौथ्या. स्टेटकडे डेव्हिड थॉम्पसन, ७ फूट ४ इंचांचा टॉम बर्लसन आणि छोटा मॉन्टी टो. मेरीलँडकडे लेन एल्मोर, टॉम मॅकमिलन, जॉन लुकस. त्या वर्षीच्या सर्वोत्तम एसीसी संघात सेंटरच्या जागी बर्लसनला डावलून एल्मोरला निवडलं होतं. बर्लसनने त्या रात्री ३८ गुण आणि १३ रिबाउंड करून उत्तर दिलं. मेरीलँड सुरुवातीलाच खूप पुढे गेली होती, मध्यंतरालाही पाच गुणांनी पुढे. शॉट क्लॉक (ठराविक सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकायला लावणारं घड्याळ) नाही, तीन गुणांची रेषा (जिच्याबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण) नाही, तरी पूर्ण वेळेत ९७-९७. ओव्हरटाइममध्ये टोच्या पासवर फिल स्पेन्सने बास्केट केली, मग टोनेच दोन फ्री थ्रो टाकले. १०३-१००.

स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता झाली. वाटेत त्याच ग्रीन्सबरोमध्ये त्यांनी यूसीएलएची सलग सात विजेतेपदांची माळ तोडली. आणि मेरीलँड, देशातल्या सर्वांत बलाढ्य चार संघांपैकी एक, घरी बसली. पुढच्या वर्षी एनसीएएने स्पर्धा २५ वरून ३२ संघांची केली आणि एका कॉन्फरन्समधून दुसरा संघ घेण्याची मुभा दिली. नियम बदलण्याची चर्चा आधीपासून होती, पण त्या रात्रीनंतर तिला विरोध करणं अवघड झालं.

मला वाटतं, एसीसी स्पर्धेने त्या रात्री आपला सर्वोत्तम सामना दिला आणि तो देताना स्वतःची धार गमावली. तुम्हाला काय वाटतं?

पाऊलवाट

सुंदर लेख. पण एक प्रामाणिक प्रश्न. तीन महिने लीग खेळून पहिला आलेला संघ एका वाईट संध्याकाळीमुळे बाहेर, यात न्याय कुठं आहे? तुम्ही त्या नियमाच्या आठवणीने हळवे होता, पण ज्यांचं वर्ष बुडालं त्यांच्या बाजूने बघा.

कोलंबियाकाठ

पाऊलवाट यांना अनुमोदन. मी साउथ कॅरोलिनात, कोलंबियात राहते. इथल्या म्हाताऱ्या मंडळींसमोर १९७० चा विषय काढून बघा.

त्या वर्षी फ्रँक मॅग्वायर यांचा संघ (हेच मॅग्वायर १९५७ मध्ये चॅपल हिलचे कोच होते) लीगमध्ये १४-०. उपांत्य सामन्यात त्यांचा मुख्य खेळाडू जॉन रोच याचा घोटा मुरगळला. अंतिम सामन्यात तो लंगडत खेळला आणि दोन ओव्हरटाइमनंतर स्टेटने ४२-३९ ने हरवलं. राष्ट्रीय स्पर्धेच्या पूर्व विभागाचे सामने त्या वर्षी आमच्या कोलंबियातच होते. म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच कोलिझियममध्ये दुसऱ्यांचे संघ खेळताना बघायचं.

पुढच्या वर्षी मात्र दैव फिरलं. १९७१ च्या अंतिम सामन्यात चॅपल हिल ५१-५० ने पुढे, काही सेकंद शिल्लक, आणि जंप बॉल (पंच दोघांच्या मध्ये चेंडू वर उडवतो). त्यांचा ली डेडमन ६ फूट १० इंच, आमचा केव्हिन जॉइस ६ फूट ३. जॉइसने उडी मारून चेंडू टॉम ओवेन्सकडे ढकलला आणि त्याने रिंगखालून सोपी बास्केट केली. ५२-५१. त्याच वर्षी साउथ कॅरोलिना एसीसीतून बाहेर पडली. म्हणजे आमच्या खात्यात एसीसीचं एकच विजेतेपद आहे, ते हे.

नागपाडाकर

मी मूळचा मुंबईचा, नागपाड्याचा. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनने काढलेल्या नेबरहूड हाऊसमुळे आमच्याकडे बास्केटबॉल रुजला, त्यामुळे खेळ रक्तात आहे. एक शंका. १९६८ मध्ये या स्पर्धेत १२-१० असा स्कोअर लागला होता असं कुठंतरी वाचलं. हे छापायची चूक आहे का?

कॅरीकर

चूक नाही. १९६८, शार्लट, उपांत्य सामना, स्टेट विरुद्ध ड्यूक. स्टेटचा कोच नॉर्म स्लोन. ड्यूकचा धिप्पाड सेंटर माइक लुइस रिंगखाली उभा राहिला तर आपलं काही चालणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने चेंडू लांब ठेवून लुइसला बाहेर खेचायचं ठरवलं. बूबसने लुइसला जागचा हलू दिलं नाही. मग स्टेटचा खेळाडू अर्ध्या मैदानाजवळ चेंडू घेऊन नुसता उभा. कितीतरी मिनिटं काहीच नाही. शॉट क्लॉक नसल्यामुळे सगळं नियमात बसत होतं. शेवटी १२-१० ने स्टेट जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात चॅपल हिलने तिला ८७-५० ने धुतलं.

हाच प्रश्न १९८२ मध्ये पुन्हा उभा राहिला. तेव्हा डीन स्मिथ यांची नॉर्थ कॅरोलिना (त्यात पहिल्या वर्षाचा मायकल जॉर्डन) आणि राल्फ सॅम्पसनची व्हर्जिनिया. देशातले दोन उत्तम संघ, आणि शेवटची कितीतरी मिनिटं स्मिथ यांच्या संघाने चेंडू चार कोपऱ्यांत फिरवत घालवली. ४७-४५. टीव्हीवर बघणारे भडकले. पुढच्याच हंगामात एसीसीने ३० सेकंदांचं शॉट क्लॉक आणि तीन गुणांची रेषा प्रयोग म्हणून आणली. देशभर शॉट क्लॉक यायला १९८५-८६ उजाडलं.

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: न्याय नव्हताच. मी नियम परत आणा असं म्हणत नाही. पण शुक्रवारी दुपारी शाळा थांबते ती न्यायासाठी नाही. समोरच्या मुलांचं सगळं पणाला लागलंय हे बघणाऱ्याला कळतं, म्हणून थांबते.

कॉलेजपार्कची_मावशी

आम्ही मेरीलँडमध्ये १९८१ पासून. १९७४ आम्ही पाहिला नाही, पण शेजाऱ्यांकडून इतकं ऐकलंय की पाहिल्यासारखा वाटतो.

कॅरीकर, एक भर घालते. त्या रात्री सामना संपल्यावर आमचे कोच लेफ्टी ड्रिझेल स्टेटच्या बसमध्ये चढले आणि त्यांच्या मुलांना शुभेच्छा देऊन आले. आपलं सगळं हरून आलेला माणूस. मला या संपूर्ण इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१९७५ चा न्यायही लिहायला हवा होता. त्या वर्षी मेरीलँड लीगमध्ये पहिली आली, स्पर्धेत उपांत्य सामन्यात पुन्हा स्टेटकडूनच दोन गुणांनी हरली, पण नव्या नियमामुळे राष्ट्रीय स्पर्धेत गेली. लेफ्टींना ही स्पर्धा मात्र काही केल्या मिळेना. १९८० मध्ये ड्यूककडून एका गुणाने, १९८१ मध्ये चॅपल हिलकडून एका गुणाने अंतिम सामना हरले. ती ट्रॉफी मिळाली तर गाडीच्या बॉनेटवर बसवून अख्ख्या नॉर्थ कॅरोलिनातून फिरवीन, असं ते म्हणायचे. १९८४ मध्ये ग्रीन्सबरोतच ड्यूकला ७४-६२ ने हरवून मिळाली. लेन बायस सर्वोत्तम खेळाडू ठरला. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी लोक अंगणात येऊन ओरडत होते. माझ्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती, ती दचकून रडायला लागली.

लेफ्टी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, ९२ वर्षांचे होते. मेरीलँड तर २०१४ लाच एसीसी सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेली होती. माणसांना वाटतं पैशांनी सगळं भरून निघतं. ग्रीन्सबरोला हरून परत यायचं दुःखसुद्धा आता आमच्या वाट्याला येत नाही.

निळी_सायकल

ड्यूकवाला म्हणून हजेरी लावतो :) आकडे आमच्या बाजूने आहेत. २०२५ च्या विजयासकट ड्यूकची २३ विजेतेपदं, चॅपल हिलची १८, स्टेटची ११. कोच शशेफ्स्की यांची एकट्यांची १५, डीन स्मिथ यांची १३.

पण मला चार्ली स्कॉटबद्दल लिहायचंय, आणि तो आमचा नाही, चॅपल हिलचा. तिथं शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६९ च्या अंतिम सामन्यात ड्यूक पुढे होती. स्कॉटने उत्तरार्धात २८, एकूण ४० गुण करून सामना एकट्याने फिरवला, ८५-७४. तरीही १९६९ आणि १९७०, दोन्ही वर्षी पत्रकारांनी मतं देऊन वर्षातला सर्वोत्तम खेळाडू दुसऱ्यालाच ठरवलं. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा एकाही संघात काळा खेळाडू नव्हता. मेरीलँडचा बिली जोन्स १९६५ मध्ये पहिला. पहिल्या दहा-अकरा वर्षांच्या आठवणी काढताना हे विसरू नये, एवढंच सांगायचं होतं.

कॅरीकर

निळी सायकल, मनापासून आभार. माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं. मावशी, बसची गोष्ट मला माहीत होती, पण तुमच्यासारखी लिहिता आली नसती.

हिवाळी_ऊन

महिलांची स्पर्धा विसरलात! ती १९७८ मध्ये सुरू झाली आणि २००० पासून बहुतेक वर्षं ग्रीन्सबरोलाच झाली आहे. स्टेटच्या मुलींनी २०२०, २१, २२ सलग तीनदा जिंकली. आणि त्यांचं घर अजूनही रेनॉल्ड्सच आहे. १९७५ पासून २००९ मध्ये कॅन्सरने जाईपर्यंत तिथं कोच असलेल्या के यो यांचं नाव आता त्या कोर्टाला दिलंय. पुरुषांचा संघ १९९९ मध्ये मोठ्या जागेत गेला, पण केसने वाढवलेल्या त्या लांबट इमारतीत चेंडूचा आवाज अजून घुमतो.

पाऊलवाट

वाचतोय. ते ८२-८० लक्षात ठेवा म्हणाला होतात, त्याचं काय झालं?

कॅरीकर

हो, तेच राहिलं. १९९५. माझं शेवटचं सत्र. एव्हंट फेरी रोडवरच्या घरात आम्ही सहा जण, एक टीव्ही आणि कुकरभर खिचडी. ग्रीन्सबरोला अंतिम सामना वेक फॉरेस्ट विरुद्ध चॅपल हिल. वेककडे टिम डंकन होता, पण तो दिवस रँडॉल्फ चिल्ड्रेसचा. त्याने बचाव करणाऱ्याला असा चकवला की तो जमिनीवर बसला, मग हाताने त्याला उठायची खूण केली आणि तीन गुणांची बास्केट टाकली. ओव्हरटाइममधले वेकचे नऊच्या नऊ गुण त्याचे. सामन्यात ३७, तीन दिवसांत १०७. रोझेनब्लूथचा १९५७ चा १०६ चा विक्रम मोडला. अंतिम स्कोअर ८२-८०, ओव्हरटाइममध्ये. एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच स्कोअरने, ओव्हरटाइममध्येच, वेक पहिली एसीसी स्पर्धा हरली होती. आमच्या टेक्निशियन काकांनी सोमवारी मला हे सांगितलं आणि माझ्या या वाचनवेडाची सुरुवात झाली.

शार्लटकर

धार गेली म्हणता ते पटतं. कॉन्फरन्समध्ये आता १८ कॉलेजं, कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्डसुद्धा "अटलांटिक कोस्ट"मध्ये. २०२५ ला आमच्या शार्लटमध्ये स्पर्धा झाली तेव्हा जागा फक्त १५ संघांना, तिघे घरी. सतरांच्या कॉन्फरन्समध्ये सगळ्यांना जागा नाही म्हणून जे बाहेर पडले, तेच आज अठरा होऊन तिघांना दाराबाहेर ठेवतात. मुख्यालयही २०२३ मध्ये ग्रीन्सबरोहून इथं आलं. मला शहराचा अभिमान आहे, पण ग्रीन्सबरोचं वाईट वाटतं.

कॅरीकर

सगळं खरं. पण २०२४ आठवा. स्टेट दहाव्या क्रमांकावर, लागोपाठ चार सामने हरून वॉशिंग्टनला पोचलेली. राष्ट्रीय स्पर्धेत जायचं तर स्पर्धा जिंकणं हा एकच मार्ग, म्हणजे नेमकी १९७४ पूर्वीची परिस्थिती. पाच दिवसांत पाच सामने. लुइव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक. चौथ्या दिवशी व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे, शेवटचा क्षण, मायकल ओकॉनेलने लांबून चेंडू फेकला, तो बोर्डवर आदळून रिंगमध्ये गेला. ५८-५८. माझी मुलगी सोफ्यावरून उठून थेट माझ्या अंगावर पडली. ओव्हरटाइममध्ये जिंकले, दुसऱ्या दिवशी चॅपल हिलला ८४-७६ ने हरवलं. १९८७ नंतरचं पहिलं विजेतेपद, आणि पुढे थेट फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत. नियम गेला तरी एखाद्या संघासाठी तो आपोआप परत येतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. मूळ लेखातलं "धार गमावली" हे वाक्य म्हणून थोडं मागे घेतो.

हिवाळी_ऊन

केस यांची कबर रॅलेतच आहे ना? नेमकी कुठं?

कॅरीकर

ग्लेनवुड ॲव्हेन्यूवर, रॅले मेमोरियल पार्कमध्ये. हायवे ७० लगतच आहे. जागा त्यांनी स्वतः सांगून ठेवली होती. स्टेटचा संघ ड्यूक किंवा चॅपल हिलशी खेळायला त्या रस्त्याने निघाला की बस दिसावी आणि मुलांना हात करता यावा म्हणून.